एका पुडीत चार फळं

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो. सत्तावन्न सालच्या वैशाखात आमच्या गावात जे काही झालं, त्यात माझी चूक नव्हती! गाव आजही माझंच नाव घेतं, घेऊ द्या. पण वाशिम तालुक्यात जेली नावाचा पदार्थ पहिल्यांदा कोणी आणला? मी आणला! ह्या जगदेव मास्तरानं आणला! त्याचं कौतुक कोणी करत नाही, आणि विहिरीचं मात्र जो भेटेल तो विचारतो.

अनसिंगपासून दोन कोसावर आमचं गाव. तिथल्या शाळेचा मी हेडमास्तर. शाळेत मास्तर एकच, त्यामुळे हेडही मीच आणि बाकीचं धडही मीच. घरी बायको सोजरबाई आणि धाकटी बहीण तुळसा. आईवडील गेल्यापासून तुळसेला मीच वाढवली, आणि आता तिचं लग्न जमायचं होतं. आधीची दोन स्थळं हातची गेली होती. ती माझ्या हुशारीपायी गेली, असं सोजरबाईचं मत. आता तुम्हीच सांगा! पहिले पाहुणे जेवायला बसले तेव्हा मी त्यांना फक्त गांडुळाचे उपयोग समजावून सांगितले. ज्ञानाला काय वेळकाळ असतो? दुसऱ्या मुलाला मी फक्त एकोणतिसाचा पाढा विचारला. त्याला तो आला नाही, ह्यात मी काय करणार!

तिसरं स्थळ कामरगावचं. रामरावांचा मुलगा, कारंज्याला कापसाच्या जिनात कारकून. ते येऊन मुलगी पसंत करून गेले होते. तुळसेच्या मनातही तो भरला होता. ती तोंडानं काही बोलली नाही, पण कामरगावचं नाव निघालं की तिची तव्यावरची भाकर करपायची. आता फक्त सुपारी फुटायची राहिली होती. रामरावांनी त्यासाठी एकादशीचा मुहूर्त धरला आणि निरोप धाडला, "एकादशीले मी फळाशिवाय तोंडात काही घेत नाही. साबुदाना मले भोवते, भगर मले पचत नाही. तुमी काही तरास घेऊ नोका."

त्रास घेऊ नका म्हणे! आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. सुपारी फुटायच्या दिवशी पाहुण्यानं मुलीच्या घरचं काही तोंडात घातलं नाही, तर ती सोयरीक झाली असं कोणी मानत नाही. त्यांना खाऊ तर घालायचंच, आणि तेही फळच. वैशाखात संत्री नाहीत, आणि केळी वाशिमाहून गाडीत येता येता काळी पडतात. सोजरबाई चिंतेत पडली. मी मात्र मिशीवरून हात फिरवला, कारण माझ्या ट्रंकेत अठ्ठेचाळीस फळं होती!

चकित झालात ना? त्याचं असं झालं. चैत्रात अकोल्याला प्रदर्शन भरलं होतं. तिथं एक टाय लावलेला गृहस्थ जेलीच्या तळहाताएवढ्या कागदी पुड्या विकत होता. "एक पुडी, एक माणूस!" तो ओरडत होता. "गरम पाण्यात टाका, थंड करा, खा! एका पुडीत चार फळांचं सत्त्व! रक्त वाढते, बुद्धी वाढते, हाडं मजबूत!" हे सगळं पुडीवर छापलेलंही होतं. छापलेलं होतं हो! छापलेल्यावर मास्तरानं विश्वास ठेवायचा नाही तर कोणी ठेवायचा? मी डझनभर घेतल्या. बारा चोक अठ्ठेचाळीस. अख्खी बाग कोटाच्या खिशात घालून मी घरी आलो.

सोजरबाईनं पुडी उलटीपालटी करून पाहिली. पुडीवर एका लालबुंद फळाचं चित्र होतं.

"हे कायचं फळ हाये?"

"विलायती आहे."

"मले तं टमाटं दिसून राह्यलं. टमाटं उपासाले चालते का?"

"टमाटं नाही ते! डाळिंबाच्या जातीचं आहे."

"मंग डाळिंबच आना ना वाशिमाहून! पुडीतलं डाळिंब कायले?"

"अगं, डाळिंबात साल, बी, नुसता कचरा. ह्यात निव्वळ सत्त्व! रामराव एक वाटी खातील आणि चार फळं पोटात जातील. म्हणतील, काय सुधारलेलं घर आहे!"

तुळसा दारात उभी होती. ती पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाली, "दादा, या टायमाले डोकं नोको चालवू ना रे."

मला फार वाईट वाटलं. ज्या डोक्यावर घर चाललंय, ते चालवू नको! पण मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "काळजी करू नको. एकादशीला सुपारी फुटणार."

एकादशीच्या पहाटे मी स्वतः चूल पेटवली. बाराच्या बारा पुड्या पितळेच्या मोठ्या गुंडात, म्हणजे पाण्याच्या घागरीत, रिकाम्या केल्या. पाणी लालभडक झालं, आणि वास असा सुटला की शेजारची नानीबाई कुडापलीकडून विचारू लागली, "मास्तर, कोनतं अत्तर सांडलं जी?" अडाणी बाई! मी उत्तर दिलं नाही.

आता ते थंड करायचं होतं. थंड झाल्याशिवाय ते थिजत नाही, असं पुडीवर लिहिलेलं. कुठं थंड करायचं, ते लिहिणाऱ्यानं वैशाखातलं वऱ्हाड पाहिलं नसावं. आमच्याकडे वैशाखात माठातलं पाणीसुद्धा कोमट लागतं. गावात थंड जागा एकच, पिण्याच्या पाण्याची विहीर. उन्हाळ्यानं तळाला चार हात पाणी उरलेलं, पण गार! मी गुंडाच्या तोंडाला फडकं बांधलं, गळ्याला दोर बांधला आणि गुंड सावकाश खाली सोडला. तो पाण्यात अर्धा बुडाला तसा दोर वरच्या खांबाला बांधला. गाठ साधी नव्हती. स्काउटच्या शिबिरात शिकलेली गाठ होती ती! त्या गाठीनं हत्ती बांधावा.

हत्तीचं मला माहीत नाही, पण गुंड काही राहिला नाही. गाठ बरोबरच होती, दोर गुळगुळीत होता, हे मी आजही सांगतो! मी चार पावलं गेलो असेन, तेवढ्यात मागे डुबुक झालं. वाकून पाहतो तर गुंड तळाला, फडकं पाण्यावर, आणि विहिरीचं पाणी हळूहळू लाल होतंय.  पण मी डोकं शांत ठेवलं. भांडं काढायचा गळ पाटलाकडे होता. गळ आणायचा, गुंड काढायचा, आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, असा बेत करून मी निघालो.

पाटलाकडे गळ सापडायला अर्धा तास लागला. तेवढ्यात नानीबाई पाण्याला आली. तिनं बादली ओढली आणि बादलीत लाल पाणी!

इथं एक गोष्ट सांगायला हवी. पटकीची साथ आली की सरकारी माणूस सायकलवर येतो आणि विहिरीत लाल दवाई टाकतो. मग आठ दिवस पाणी लाल. तीन वर्षांमागे असंच झालं होतं, आणि तेव्हा गावानं पाच माणसं गमावली होती. म्हणून आमच्या गावात विहीर लाल म्हणजे पटकी. त्यात दुसरा अर्थच नाही.

मी गळ घेऊन परतलो तेव्हा विहिरीवर अर्धं गाव जमलं होतं.

"माय व! लाल दवाई टाकली न!" नानीबाई कपाळ बडवत होती. "पटकी आली व बाई!"

"कोन टाकून गेलं?" देवला कोतवालानं विचारलं.

"सायब पहाटंच येऊन गेला असन. लोकायनं भेऊ नये म्हनून गुपचूप टाकली!"

"कुठं झाली पटकी?"

"खालच्या आळीत दोघं गेले म्हन्तात."

"दोघं नाही, चौघं!"

"हिरीबाईचा सासरा गेला ना पहाटं!"

हिरीबाईचा सासरा गर्दीतच उभा होता. तो बिचारा म्हणाला, "म्या तं अजून हाये," पण त्याचं ऐकायला कोणाला वेळ होता?

आमच्याकडे साथ आली की गाव गावात राहत नाही. सगळे आपापल्या वावरात जाऊन राहतात, वेशीवर कडुलिंबाचे डहाळे बांधतात, आणि बाहेरच्याला आत येऊ देत नाहीत. अर्ध्या घंट्यात गाड्या जुंपल्या गेल्या! पेट्या, गोधड्या, कोंबड्या, म्हाताऱ्या, सगळं गाड्यांत. देवला वेशीवर काठी घेऊन उभा राहिला. आणि माझ्या डोळ्यांपुढे रामराव उभे राहिले. ते वाशिमापर्यंत मोटरनं येणार होते, आणि तिथून त्यांना आणायला मी रात्रीच गडी आणि बैलांची दमणी पाठवली होती. दुपारी दमणी वेशीवर येणार, आणि काय पाहणार? लिंबाचे डहाळे! मेल्या गावात कोण सोयरीक करतो?

लपवून आता काही उपयोग नव्हता. मी विहिरीच्या काठावर चढलो आणि ओरडलो, "थांबा! पटकी नाही! लाल दवाई नाही! ही जेली आहे! माझ्या हातून गुंड पडला!"

सगळे थांबले. माझ्याकडे पाहू लागले. मला वाटलं, झालं, पटलं.

नानीबाई म्हणाली, "मास्तरच्या घरी आज पाव्हने हायेत ना?"

"हाये ना! सुपारी हाये!"

"मंग! पाव्हने वापस जातीन म्हनून मास्तर रोग लपवून राह्यला!"

ऐका! ऐकलंत ना? बारा वर्षं ह्या गावाची पोरं शिकवली, आणि मी रोग लपवून राहिलो! माझा असा संताप झाला की अंगाची लाही लाही झाली. "अरे, गोड आहे पाणी! चाखून पाहा!"

"जहर बी गोड राह्यते," देवला लांबूनच म्हणाला.

"बरं! मीच पितो! सगळ्यांसमोर पितो!"

मी बादली ओढली आणि तांब्या भरून घटाघटा प्यायलो. मग आणखी एक. लोक बघतच राहिले, म्हणून तिसराही. "बघा! काही होतं का मला? उलट चार फळांचं सत्त्व पोटात गेलं! रक्त वाढतंय! हाडं मजबूत होताहेत!"

पाणी उन्हाळ्याच्या तळाचं, गाळाचं. माझं पोट पहाटेपासून उपाशी. हाडांचं काय झालं सांगता येत नाही, पण पोटात ढग गडगडला. मी तोंडावर हसू ठेवलं. दुसऱ्यांदा गडगडलं. मग मात्र हसू ठेवण्यासारखी परिस्थिती राहिली नाही. मी तोच तांब्या उचलला आणि वेशीबाहेरच्या बाभळींकडे धूम ठोकली!

मागून नानीबाईची किंकाळी ऐकू आली, "मास्तरले लागली व! मास्तर गेला!"

संपलं. होतं नव्हतं ते गाव दहा मिनिटांत रिकामं झालं. देवलानं एकाला अनसिंगला पिटाळलं, की सायबाले सांग, मास्तर आखरी घटका मोजून राह्यला!

मी बाभळीआड किती वेळ होतो ते विचारू नका. तीनदा उठलो, तीनदा बसलो. ऊन डोक्यावर आलं. आणि मला बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकू आला. आमचीच दमणी! तीत फेटा बांधलेले रामराव, शेजारी मुलगा नव्या टोपीत. दमणी वेशीवर थांबली, आणि देवला आडवा झाला.

"वापस जा जी! गावात पटकी हाये!"

"पटकी?" रामराव उभे राहिले. "आमी मास्तरकडं आलो गा. सुपारी हाये आज."

"मास्तरच तं पयले गेले!"

मी वीस हातांवर बाभळीमागे बसलेलो! बाहेर यावं तर कोणत्या अवस्थेत यावं? न यावं तर बहिणीचं लग्न हातचं चाललं! बैल वळू लागले. मला आता राहवेना. मी बसल्या जागेवरून सगळा जीव एकवटून ओरडलो, "रामरावजी! जाऊ नका! मी जिवंत आहे! जेली आहे ती! जेली!"

रामरावांनी बाभळीकडे पाहिलं. देवलानं पाहिलं. बैलांनीही पाहिलं.

"भूत बोलून राह्यलं!" दमणी हाकणारा गडी खाली उडी मारून पळाला. माझाच गडी! महिन्याला पायली पायली ज्वारी मोजून घेतो!

गडी पळाला म्हणून दमणी जागेवर राहिली, एवढं एक बरं झालं. मी उपरणं सावरत बाहेर आलो. रामराव दोन पावलं मागे सरकले. मी त्यांना सगळं सांगितलं, फळं, सत्त्व, गुंड, गाठ. ते ऐकून त्यांचा चेहरा अधिकच गंभीर झाला. रोग परवडला, असं त्यांच्या मनात आलं असावं.

तेवढ्यात सायकलवरून धापा टाकत आरोग्य खात्याचे इन्स्पेक्टर मदनसिंग आले. त्यांच्या हाती सुयांची पेटी. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझ्या दंडात सुई टोचली. मग देवलाच्या. मग रामरावांकडे वळले.

"मी पाव्हना हाये जी! कामरगावचा!"

"हद्दीत पाय ठेवला ना? सुई घ्यावी लागते."

सोयरीक करायला आलेल्या माणसाला माझ्या गावाच्या वेशीवर पहिला मान कशाचा मिळाला, तर सुईचा! मुलाच्या दंडातही बसली. मी मान खाली घातली. हुंडी बुडालेल्या सावकाराचंसुद्धा एवढं तोंड उतरत नसेल.

मग कुठं मदनसिंगांनी विहिरीचं पाणी मागवलं. वास घेतला, बोट बुडवून चाटलं आणि माझ्याकडे पाहिलं. "हे दवाई नाही. हे काय आहे?"

"तेच तर मी सकाळपासून सांगून राहिलोय!" संतापात मीही वऱ्हाडी झालो. खिशातून रिकामी पुडी काढून त्यांच्या हातात दिली. "वाचा! एका पुडीत चार फळांचं सत्त्व! सांगा ह्यांना, किती पौष्टिक आहे ते!"

मदनसिंगांनी पुडी डोळ्यांजवळ धरली. समोर मराठी होतं. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजी होतं, ते मी मनावर घेतलं नव्हतं. त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, "साखर. रंग. वास. आणि चिनी गवत."

"आणि फळ?" मी विचारलं.

"फळाचं चित्र आहे ना वर."

"अहो, पण सत्त्व? काही तरी असेल ना? थोडं रक्त? एखादं हाड?"

"मास्तर, ह्याच्यापेक्षा गुळाचा खडा बरा."

त्या क्षणी मला खरंच पटकी व्हावी असं वाटलं. छापील खोटं! टाय लावून खोटं! बारा पुड्यांत अठ्ठेचाळीस फळं नव्हती, अर्धं बोरसुद्धा नव्हतं!

रामराव थंड आवाजात म्हणाले, "म्हंजे एकादशीच्या दिवशी तुमी मले गवत खाऊ घालनार होते?"

  उत्तर द्यायला तुळसाच पुढे आली. ती आणि सोजरबाई वावरातून धावत आल्या होत्या, कारण त्यांना निरोप मिळाला होता की मी मेलो. तुळसेचं तोंड रडून सुजलेलं. तिनं मला उभा पाहिलं, पदरानं डोळे पुसले, आणि भावी सासऱ्यासमोर सरळ बोलली.

"माह्या भावानं तुमाले फसवलं नाही जी. तो सोताच फसला. आईबाप गेल्यावर त्यानंच मले लहानाची मोठी केलं. तुमाले वापस जायचं तं जा, पन त्याले बोल नोका लावू. अन् भरल्या उन्हात उपाशी बी नोका जाऊ. वावर दोन शेतांवर हाये, आंबा पिकला हाये."

आंबा! आता तुम्ही म्हणाल, मास्तर, वैशाखात दारचा आंबा पिकलेला असताना पुड्या कशाला? मलाही ते त्याच क्षणी सुचलं! दारच्या फळाकडे कोण बघतं हो? त्यावर काही छापलेलं थोडंच असतं!

रामरावांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा तुळसेकडे पाहत होता, दंड चोळत. रामराव म्हणाले, "चाला."

वावरात सगळं गाव गोधड्या पसरून बसलेलं. मला चालत येताना पाहून नानीबाईनं पुन्हा एक किंकाळी फोडली. मदनसिंगांनी सगळ्यांना समजावलं, आणि मग पटकी नाही ह्या आनंदात लोक मलाच शिव्या देऊ लागले. रामराव आंब्याखाली बसले. सोजरबाईनं पाटीभर आंबे पुढे ठेवले. त्यांनी एक चोखला, दुसरा चोखला, चौथ्याला कपाळावरची आठी गेली. पाचव्याला ते म्हणाले, "पोरगी धीराची हाये. भावाच्या पाठीशी उभी राह्यली. आमच्या घरी अशीच पाह्यजे. फोडा सुपारी!"

सुपारी फुटली! गावच्या गाव वावरातच असल्यामुळे बोलावणी करायचा प्रश्नच आला नाही. तुळसा सोजरबाईच्या गळ्यात पडली, आणि माझेही डोळे भरून आले. मग लग्नाची याद करायला बसलो. कोणी काय द्यायचं, कोणी काय करायचं, ते सगळं कागदावर. वरपक्षानं शालू, वधूपक्षानं मांडव, असं एक एक कलम ठरत गेलं. शेवटी रामराव म्हणाले, "आखरी कलम आमचं. याच्यावाचून लग्न नाही."

"बोला जी," मी म्हणालो. त्या घडीला त्यांनी आभाळातला चंद्र मागितला असता तरी मी हो म्हटलं असतं.

"लग्नाच्या दिवशी मास्तरनं सयपाकाच्या मांडवात पाय ठेवू नये, अन् कोनत्याच विहिरीच्या वीस हात जवळ जाऊ नये."

सगळं गाव एका सुरात "मंजूर!" म्हणून ओरडलं. सोजरबाईचा आवाज सगळ्यांत मोठा होता. आणि गावात अक्षर चांगलं फक्त माझंच, त्यामुळे ते कलमही मलाच लिहावं लागलं.